पुलपिटावर गाळलेली तीन वाक्यं

आमच्या मंडळीत ‘बदल’ हा शब्द फार आवडीने वापरतात. चर्चच्या भिंतीवर पांढरा पडदा लागला आणि गाण्यांचे शब्द त्यावर दिसायला लागले, तेव्हा चर्च कमिटीतले पंचकाका म्हणाले, बदल स्वीकारला पाहिजे. पेटी कोपऱ्यात गेली आणि कीबोर्ड आला, तेव्हाही तेच म्हणाले. साथीच्या वर्षांनंतर प्रभुभोजनाला एका प्याल्याऐवजी छोटे प्लॅस्टिकचे कप आले. काही म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली, तर काकांनी त्यांनाच समजावलं की काळ कुठल्या कुठे गेला, आपण काय जुन्यालाच धरून बसायचं का?

मी बायकांच्या बाजूला, सतरंजीवर, भिंतीला टेकून बसते आणि हे सगळं ऐकते. मी फारसं बोलत नाही. लोकांना वाटतं, इंग्रजी शाळेत शिकली म्हणून शिष्ट आहे. खरं कारण साधं आहे. चार माणसांनी एकदम माझ्याकडे बघितलं की माझा घसा कोरडा पडतो. शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. आता परभणीच्या एका शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवते, ती मुलं माझ्यापेक्षा जास्त बोलतात.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या गप्प राहण्याचा लोकांनी उपयोग करून घेतला. आणि मी करू दिला.

आमचं चर्च पूर्णेला, रेल्वे क्वार्टर्सच्या मागे. पत्र्याचं छप्पर, चुन्याच्या भिंती, आणि समोर तीन पायऱ्यांचं लाकडी पुलपिट. त्यावर उभं राहूनच पास्टर संदेश देतात. त्या पायऱ्या दर शनिवारी माझी आत्या धुते. बादली, फडकं आणि डेटॉलचे दोन थेंब. चाळीस वर्षांपूर्वी ती नर्स म्हणून सरकारी नोकरीला लागली, तेव्हापासून डेटॉलशिवाय तिला काही स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही. ती निवृत्त झाली तरी सगळे तिला सिस्टरच म्हणतात. लग्न तिनं केलं नाही. माझ्या जन्मापासून ती आमच्याच घरात आहे.

नोकरीच्या काळात ती गंगाखेडच्या पुढे, राणीसावरगावच्या आसपासच्या वस्त्यांवर लसीकरणाला जायची. त्या वस्त्यांवर आमच्या मंडळीतली पाच-सहा घरं आहेत. लस टोचून झाली की ती त्यांच्याकडे प्रार्थनेला बसायची. नोकरी संपली, प्रार्थना चालू राहिली. अजूनही महिन्यातून दोनदा एसटीनं जाते. मी कधीकधी तिच्या पिशव्या धरायला जाते. तिथे पुलपिट नाही, चटई आहे. आत्या मधे बसते आणि बोलते. शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर उघडलेलं असतं, पण ती त्यात बघत नाही, पाठ आहे.

एकदा एका बाईनं विचारलं, “सिस्टर, मला प्रार्थना करता येत न्हाई. शब्द सुचत न्हाईत.”

आत्या म्हणाली, “देव काय तहसीलदार हाय का, लिहून अर्ज द्यायला? लेकरू रडलं तर तुला कळतंय ना, भूक लागली का पोट दुखायलंय? मंग तुला कळतंय, त्याला कळणार न्हाई व्हय?”

ती बाई हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी इंग्रजीतून पुष्कळ संदेश ऐकले आहेत, शाळेत, मोबाईलवर, मोठ्या सभांमध्ये. असं कुणाला रडताना मी पाहिलेलं नाही.

आमच्या पास्टरांकडे चार ठिकाणच्या मंडळ्या आहेत. त्यामुळे पूर्णेला ते महिन्यात दोनच रविवार येतात. उरलेल्या रविवारी पंचकाका पुलपिटावर चढतात. ते रेल्वेतून क्लार्क म्हणून निवृत्त झाले, चर्च कमिटीचे प्रमुख आहेत, माणूस शिस्तीचा. ते स्वतः संदेश देत नाहीत. त्यांच्याकडे छापील संदेशांचं एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक आहे, त्यातून वाचतात. त्यात जहाजं आहेत, दीपस्तंभ आहेत, बर्फात हरवलेली मेंढरं आहेत. पूर्णेत. मे महिन्यात. बर्फाचा तो संदेश मी तीनदा ऐकला आहे आणि तिन्ही वेळा पंख्याखाली अर्धी मंडळी झोपलेली होती.

तिसऱ्या वेळेला आमच्या पुढे बसणारी एक म्हातारी आजी, जिची तिन्ही बाळंतपणं आत्यानं केली होती, उपासना संपल्यावर म्हणाली, “सिस्टर, तुमीच बोला की. आमी जाग्या तरी राहू.”

आत्यानं ते मनावर घेतलं. कमिटीला अर्ज लिहिला. मी तो वाचला होता. ‘पास्टर साहेब नसतील त्या रविवारी मला संदेश देण्याची परवानगी मिळावी.’ एवढंच. खाली सही आणि तारीख. सरकारी नोकरीची सवय.

उत्तर आलं नाही. महिन्यानं तिनं विचारलं तर काका म्हणाले, “सिस्टर, साक्ष द्यायची, आपला अनुभव सांगायचा, तर सांगा ना. खालून, पेटीपाशी उभं राहून. कोण नको म्हणतंय?”

“साक्ष न्हाई काका. संदेश.”

“संदेश म्हणजे पुलपिट आलं.”

“आलं की. मी धुते ना ते दर शनवारी. माझ्या पायाला वळखतंय ते.”

काका हसले. ते आत्याशी कधी वाईट बोलत नाहीत, हे सांगायला हवं. त्यांच्या बायकोच्या शेवटच्या आजारात रोज सकाळी आत्या जाऊन सलाईन बघत होती आणि काका ते विसरलेले नाहीत. त्यामुळेच मला जास्त चीड येते. वाईट माणसानं नाही म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. शेवटी ते म्हणाले, वार्षिक सभेत विषय घेऊ.

त्या सभेच्या रविवारी एक पाहुणे पास्टर येणार होते. दक्षिणेकडचे, वयस्कर, मराठी अजिबात न येणारे. इंग्रजीतून बोलायचे. आमच्याकडे असं कुणी आलं की एक शिक्षक त्यांच्या शेजारी पुलपिटावर उभे राहून वाक्यावाक्याचं मराठी करतात. पण त्या शिक्षकांना निवडणुकीच्या ट्रेनिंगला बोलावलं गेलं. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी काका आमच्या घरी आले.

“सलाम, सिस्टर. पोरगी कुठंय?”

मी आत भाजी निवडत होते. बाहेर आले.

“बेटा, रविवारी तू कर भाषांतर. कॉन्व्हेंटची पोरगी तू. तुझ्याइतकं इंग्रजी कुणाचं आहे आपल्यात?”

मी विचारलं, “काका, मी वर उभं राहायचं? पुलपिटावर?”

“मग पाहुणे वर आणि तू खाली, असं कसं दिसेल?”

“पण… चालेल?”

“अगं, तू थोडीच काही सांगणार आहेस? सांगणार ते. तू फक्त मराठी करायचंस.”

आत्या चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप काकांच्या हातात दिला आणि म्हणाली, “म्हंजे बाईचा आवाज चालतो काका, बाईचं म्हणणं चालत न्हाई.”

“सिस्टर, तुम्ही पण ना!” काका म्हणाले आणि चहा फुंकायला लागले.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण खोटं कशाला लिहू, मला आनंदही झाला होता. आमच्या चर्चमध्ये कुठलीही बाई त्या तीन पायऱ्या फडकं न घेता चढली नव्हती.

रविवारी चर्च भरलेलं होतं. मी निळी ओढणी डोक्यावर घेतली होती, ती सारखी घसरत होती. पाहुणे फार शांत माणूस होते. त्यांनी सुरुवातीलाच मला हळूच विचारलं, मी फार भरभर बोलतो का? मी मान हलवली. ते एक वाक्य बोलायचे, थांबायचे, मी मराठी करायचे, मग पुढचं. पाच मिनिटांनी माझा घसा सुटला. मला कळलं की लोक माझ्याकडे बघत नाहीत, ते ऐकत आहेत. पुढे बसलेली ती आजी एकेका वाक्याला मान डोलवत होती.

पाहुण्यांचा विषय होता, देव आपल्याला जुन्या सवयीतून कसा बाहेर काढतो. बोलता बोलता ते स्वतःच्या गावच्या मंडळीवर आले आणि रंगले. या वेळी थांबायचं विसरले. तीन वाक्यं त्यांनी सलग म्हटली. आमच्याकडे मी बाहेरगावी असलो की एक विधवा शिक्षिका संदेश देते. बरीच वर्षं मी स्वतः तिला अडवलं होतं. प्रभू मेलेल्यांतून उठल्याची बातमी पहिल्यांदा बायकांनी आणली आणि पुरुषांनी तिला बडबड समजलं; मी त्याच पुरुषांपैकी एक आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि मी मंडळीसमोर त्या शिक्षिकेची माफी मागितली.

मग ते थांबले आणि माझ्याकडे बघून हसले. आता माझी पाळी होती.

मी समोर बघितलं. पहिल्या खुर्चीवर पंचकाका बसले होते. त्यांना इंग्रजी समजतं, सगळी नोकरी त्यांनी इंग्रजी फॉर्म भरले आहेत. त्यांनी गुडघ्यावरची बोटं थोडीशी उचलली आणि मान अगदी किंचित हलवली. एवढंच. कुणाला दिसलंही नसेल. मला दिसलं. आयुष्यभर मी मोठ्यांचे असेच इशारे बघून गप्प बसत आले आहे.

मी म्हटलं, “आमच्या मंडळीतही सगळे जण मिळून सेवा करतात.”

पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि पुढे गेले. काकांची बोटं पुन्हा गुडघ्यावर टेकली. आत्या बायकांच्या बाजूला ताठ बसली होती. ती माझ्याकडे नाही, पाहुण्यांकडे बघत होती.

उपासनेनंतर पाहुण्यांना जेवायला नेलं आणि सभा सुरू झाली. चौथा विषय आत्याचा अर्ज. काकांनी तो वाचून दाखवला. मग ते म्हणाले, “आता आपण आजच ऐकलं. पाहुण्यांनी किती सुंदर सांगितलं, त्यांच्याकडेही सगळे मिळून सेवा करतात. मिळून! ज्याची त्याची जागा आहे, ज्याचं त्याचं काम आहे. सिस्टरांची सेवा मोठीच आहे, ती कोण नाकारतंय?”

मी तीन वाक्यं गाळली, तेवढ्यावर भागलं नव्हतं. त्यांच्या जागी मी जे ठिगळ लावलं होतं, ते आता आत्याच्या अर्जावर लावलं जात होतं. मी उठायला हवं होतं. मी सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत बसले.

“ज्यांची हरकत आहे त्यांनी हात वर करा,” काका म्हणाले.

पुरुषांच्या बाजूला सात-आठ हात वर झाले.

“ठीक. विषय पुढच्या वर्षी.”

कुणाची संमती आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. बायकांच्या बाजूला आम्ही जास्त होतो. आम्हाला कुणी हातच वर करायला सांगितले नाहीत, आणि आम्हीही सांगितल्याशिवाय केले नाहीत. लगेच पाचवा विषय निघाला, कीबोर्डला नवीन स्टँड.

बाहेर चपला घालताना काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “शाब्बास, बेटा. काय सुंदर मराठी केलंस.”

असा आशीर्वाद मला नको होता. तरी मी खाली मान घालून “सलाम, काका” म्हटलं. हे आठवलं की अजूनही अंगाची आग होते.

घरी येताना आत्या एकच वाक्य बोलली. “पाहुण्यांनी पाच सीसीचं इंजेक्शन भरलं व्हतं. तू एक सीसीच टोचलंस.”

मी घसरलेली ओढणी पुन्हा डोक्यावर ओढली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. शाळेत मी पहिलीच्या एका मुलीला खोटं बोलल्याबद्दल रागावले आणि वाक्य अर्धवटच सोडून दिलं. बुधवारी सकाळी आत्या राणीसावरगावला निघायची तयारी करत होती. पिशवीत शास्त्र, चष्मा, गोळ्यांचा डबा. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तिन्ही वाक्यं. काकांची बोटंसुद्धा.

तिनं पिशवीची चेन लावली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“मला कामून सांगायलीस?” ती म्हणाली. “मला त्याच दिवशी समजलं व्हतं, कायतरी गिळलंस तू. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांग.”

“आत्या, मला नाही जमणार.”

“बरं,” ती म्हणाली आणि एसटी गाठायला निघून गेली.

त्या ‘बरं’नं मला चार दिवस झोडपलं. माझी अडचण ती ओळखून होती, तिनं आग्रहही केला नाही. पण ती वाक्यं तिची होती. आयुष्यात एकदा, बाहेरून आलेल्या एका मोठ्या माणसानं, नकळत तिच्या बाजूनं साक्ष दिली होती आणि मी ती तोंडातल्या तोंडात दाबून टाकली. ज्या मंडळीला कीबोर्ड पचतो, पडदा पचतो, प्लॅस्टिकचे कप पचतात, तिला तीन वाक्यं पचणार नाहीत, हे ठरवणारी मी कोण? आणि काका तरी कोण?

शनिवारी मी शाळेच्या एका जुन्या पेपरच्या पाठीमागे ती तिन्ही वाक्यं लिहिली. वर इंग्रजी, खाली मराठी.

रविवारी पास्टर नव्हते. काकांनी पुस्तक उघडलं, दीपस्तंभाचा संदेश वाचला, मग सूचना सांगितल्या आणि नेहमीप्रमाणे विचारलं, “अजून कुणाची काही सूचना?”

मी उठले. मी सरळ पुलपिटाकडे चालत गेले आणि पहिली पायरी चढले.

“बेटा, खालूनच सांग,” काका हळू आवाजात म्हणाले.

“काका, मी माझं काही सांगत नाहीये.” माझा आवाज चिरका आला. “मागच्या रविवारी पाहुण्यांची तीन वाक्यं माझ्याकडून राहिली. मी फक्त मराठी करणार आहे.”

बायकांच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं. काका एका बाजूला सरकले. मी वर जाऊन उभी राहिले आणि कागद दोन्ही हातांनी धरला. पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. आधी इंग्रजी वाचलं, मग मराठी. शिक्षिका संदेश देते, हे. मी तिला अडवलं, हे. मग तिसरं, बायकांनी आणलेल्या बातमीचं आणि माफीचं. ते वाचताना मी कागदावरून नजर उचलली नाही.

मग म्हटलं, “त्यांच्या जागी मी जे वाक्य सांगितलं, ते पाहुण्यांचं नव्हतं. माझं होतं, आणि खोटं होतं. काका, तुम्ही पुढेच बसला होतात. ते असंच म्हणाले ना?”

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. माणूस शिस्तीचा आहे, मी म्हटलंच. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

“हां,” ते म्हणाले. “म्हणाले होते तसं.” मग लगेच, “पण त्यांच्याकडचं त्यांच्याकडे. आपल्याकडची पद्धत वेगळी. चला, शेवटची प्रार्थना करू या. उभे राहा.”

पुरुष उभे राहिले. मी खाली उतरले आणि बघते तर बायकांच्या बाजूला कुणीच उठलेलं नव्हतं. पुढची म्हातारी आजी मांडी घालून तशीच बसली होती आणि तिच्या मागच्या सगळ्या जणी तिच्याकडे बघत होत्या.

“आमची उपासना झाली न्हाई अजून,” आजी म्हणाली. “सिस्टर, बोला. माफी मागितली म्हणं त्या पाहुण्यानं. आमाला ऐकायचंय.”

“आजी, असं नाही करता येत,” काका म्हणाले. “सभेत ठरलंय.”

“सभेत आमाला कुणी इचारलं व्हतं?”

काकांनी घाईघाईनं स्वतःच प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि माईक बंद केला. पडदाही बंद झाला. काही पुरुष निघून गेले. काही जण हातात चपला घेऊन दारात घुटमळले, ना आत ना बाहेर.

मला वाटलं, आत्या आता त्या तीन पायऱ्या चढेल. माझी फार इच्छा होती. ती चढली नाही. बसल्या जागी तिनं पदर सारखा केला, शास्त्र मांडीवर उघडलं आणि वस्तीवर बोलते त्याच आवाजात सुरुवात केली. माईकची गरज नव्हती. बायका सरकून तिच्याभोवती आल्या, सतरंजी चुरगळली. अर्धा तास ती बोलली. कुणी झोपलं नाही. काका पहिल्या खुर्चीवर पाठ करून बसून राहिले, उठून गेले नाहीत. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. पुस्तक त्यांच्या मांडीवर मिटलेलं होतं.

याला कुणी विजय म्हणू नये. आत्याचा अर्ज अजून कमिटीच्या फाईलमध्ये आहे. पास्टर साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, दोन्ही बाजूंनी समजूतदारपणा हवा. दोन बाजू कुठल्या, हे मी विचारलं, तर ते ट्रेनची वेळ बघायला लागले. पाहुणे आले की भाषांतराला आता मला बोलावत नाहीत. पास्टर नसलेल्या रविवारी काका पुस्तकातून वाचतात, प्रार्थना करतात, आणि मग बायका उठत नाहीत. आत्या सतरंजीवरूनच बोलते. दारात घुटमळणाऱ्यांपैकी तीन-चार जण हल्ली आत येऊन मागे बसतात.

आत्या सतरंजीवरून पहिल्यांदा बोलली, त्यानंतरच्या शनिवारी मी सवयीनं बादली भरून ठेवली होती. आत्या बादलीकडे न बघता चष्म्याची काच पुसत बसली.

“चर्चला जायचं नाही?” मी विचारलं.

“काका म्हणाले ना, ज्याची त्याची जागा हाय,” ती म्हणाली. “मंग ज्याची जागा हाय त्यानं धुवावी.”

आता पुलपिटाच्या पायऱ्यांवर धूळ साचते. गेल्या रविवारी वर चढण्याआधी काकांनी खिशातून रुमाल काढला, वाकून पहिली पायरी पुसली, मग दुसरी. तिसरीपर्यंत रुमाल काळा झाला होता. सगळी मंडळी बघत होती. मीही बघत होते, आणि मी नजर खाली घातली नाही.